बुधवारी लॅब बंद

आमच्या क्लासच्या इमारतीत जिन्यापासून गच्चीपर्यंत भिंतींवर पेन्सिलीनं तारखा लिहिलेल्या होत्या. नव्या पालकांना वाटायचं, हे पोरांचं काम. पोरं तसली नव्हती. त्यांना बाकावर स्वतःचं नाव कोरायलाही वेळ नसायचा. त्या तारखा आमच्या कंप्युटरवाल्या भाईंच्या होत्या. भिंतीला भेग दिसली की ते तिच्या दोन्ही टोकांना बारीक रेघ मारायचे आणि शेजारी तारीख घालायचे. महिन्यानं येऊन बघायचे, भेग रेघेच्या पुढं सरकली का. सरकली नसली तर मान हलवायचे, आणि सरकली असली तरी मानच हलवायचे. दोन्हीतला फरक मला कधी कळला नाही.

एकदा दिवाळीत मालकांनी इमारतीला रंग दिला. सगळ्या तारखा गेल्या. भाई तीन दिवस रंगाऱ्याशी बोलले नाहीत, आणि चौथ्या दिवशी त्याच भिंतींवर परत पेन्सिल घेऊन फिरायला लागले.

मी त्या क्लासात पंधरा वर्षं मावशी होते. झाडणं, फरशी, पाणी, सरांचा चहा. लातुरात तेव्हा गल्लीगणिक क्लास निघत होते. आमच्या क्लासात खालच्या मजल्यावर लॅब होती, तिथं अठरा कंप्युटर. पोरं त्यांवर डॉक्टर-इंजिनिअरच्या परीक्षांचा सराव करायची. ती लॅब भाईंकडं.

भाई अहमदपूरचे. तिथं एसटी स्टँडजवळ त्यांच्या वडलांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान. भूकंप झाला तेव्हा भाई विशीत होते. पडायच्या राहिलेल्या घरांची तपासणी करत इंजिनिअर लोक औशाकडच्या गावांतून फिरत होते. भाई त्यांच्याबरोबर टेप धरायला रोजंदारीवर लागले. आठ महिने त्यांनी नुसत्या भेगा मोजल्या. एका गावात घरवाल्यानं पाहुणे यायचे म्हणून कोपऱ्यातल्या भेगेवर चुना फासून ठेवला होता. इंजिनिअरनं घर चांगलं म्हणून लिहिलं आणि पुढच्या पावसाळ्यात ती भिंत आली खाली. घरातले शेतात होते म्हणून वाचले. त्या घरवाल्याचा भाईंना वीस वर्षांनीही राग होता. जेवताना आठवला तरी घास थांबायचा.

"भेगेचं काय न्हाई मावशी," म्हणायचे. "भेग सगळ्यालाच असते. झाकून ठेवणारा बेकार."

कंप्युटरकडंही ते त्याच नजरेनं बघायचे. प्रत्येक कंप्युटरला त्यांनी तालुक्याचं नाव दिलं होतं. औसा, निलंगा, देवणी, चाकूर. लातूर जिल्ह्यातले तालुके संपले तेव्हा नांदेडचे घेतले. प्रत्येकाचं वहीत वेगळं पान. त्यामुळं लॅबमधलं बोलणं बाहेरच्याला येडं वाटायचं. देवणीला ताप आलाय, चाकूर सकाळपासून झोपून हाय, निलंग्याचा पंखा बदलला. एक पालक मला हळूच विचारत होते, की सरांच्या घरात इतके आजारी लोक आहेत का.

आता बुधवारचं सांगते. महिन्यातून एका बुधवारी भाई लॅबच्या दाराला पुठ्ठा अडकवायचे. त्यावर लिहिलेलं, बुधवारी लॅब बंद. त्या दिवशी पोरं नाहीत, सर नाहीत, मालकही नाहीत. भाई सकाळी आठला आत बसायचे आणि अठराच्या अठरा कंप्युटर अपडेट होईपर्यंत चहाला शिवायचे नाहीत. मी त्याला भाईंचा उपास म्हणायची. मी एकदा विचारलं, हे कशापायी.

"कंपनीवाले महिन्यातून एकदा सांगतात, आमच्या मालात इथं-इथं भेग निघाली, हे घ्या बुजवायचं सामान. त्यांचा मंगळवार, आपल्याकडं येस्तोवर रात्र. पण ते सांगणं चोर बी वाचतो ना मावशी. त्याला घरबसल्या पत्ता भेटला. मग बुधवारी आधी कुणी पोचायचं, आपण का त्यानं?"

मी म्हणाले, भेगा असलेला माल विकतात कशाला. भाई इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. म्हणाले, हे इमारत बांधणाऱ्यांना विचारा.

पेनड्राइव्हचा तर त्यांना विटाळ होता. लॅबच्या दाराशी त्यांनी माझा शेवचिवड्याचा स्टीलचा डबा मागून घेऊन ठेवला होता. आत जाणाऱ्यानं पेनड्राइव्ह डब्यात टाकायचा, मग आत. पोरांनी ऐकलं. फिजिक्सच्या सरांनी ऐकलं नाही. ते हैदराबादकडून आणलेले, मोठ्या पगाराचे. बाहेरच्या फ्लेक्सवर त्यांचा फोटो मालकांपेक्षा मोठा. ते म्हणाले, माझ्या पेनड्राइव्हमध्ये फक्त नोट्स आहेत, तो डब्यात जाणार नाही. भाई दार अडवून उभे. शेवटी भाईंनी तो पेनड्राइव्ह एका जुन्या कंप्युटरला लावला. तो कंप्युटर कुणालाच जोडलेला नव्हता, असल्याच तपासणीसाठी कोपऱ्यात ठेवलेला, अठरांत न धरलेला. पन्नास पोरं बघत होती. भाईंनी वाचून दाखवलं, "सर, नोट्स दोन हायत, तेलुगू पिक्चर तीन हायत, आणि व्हायरस अकरा."

त्यानंतर फिजिक्सचे सर वर्गात आले की मागच्या बाकावरून कुणीतरी खोकत अकरा म्हणायचं. सर वर्षभर भाईंशी बोलले नाहीत. डब्यात मात्र टाकायला लागले.

माझ्या हातूनही एकदा झालं. मालकांचा हुकूम होता, पाच वाजले की मेन स्विच बंद, वीजबिल फार येतं. एका बुधवारी मी पाचला गेले आणि खटका खाली ओढला. तेव्हा कंप्युटरच्या पडद्यावर इंग्रजीत लिहिलेलं होतं की बंद करू नका. मला इंग्रजी येत नाही, आणि आलं असतं तरी मालकांचा हुकूम होता. बाकीचे सुधारले, पण देवणी चार दिवस उठली नाही. भाई ओरडले नाहीत. त्यांनी वही काढली, देवणीचं पान उघडलं आणि कारण म्हणून माझं नाव लिहिलं.

मी म्हणाले, माझं नाव लिहायचं तर पूर्ण लिहा, की हिला कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी तेही लिहिलं. मग म्हणाले, आता सांगतो, बसा.

असं मला ते काम लागलं. बुधवारी मी खुर्ची घेऊन पडद्यावरचे टक्क्यांचे आकडे बघत बसायची. आकडे मला चौथीपर्यंत चांगले येत होते. गोल फिरायला लागलं की हात लावायचा नाही. तीस म्हणेल, पस्तीस म्हणेल, पस्तिसावर अर्धा तास बसेल. शंभर झालं तरी उठायचं नाही, कारण ते बंद होऊन परत शून्यापासून सुरू करतं. माझी सून माहेराहून निघाले-निघाले म्हणते तसलाच प्रकार. भाई म्हणायचे, शिकलेली माणसं ह्या कामाला निकामी, त्यांना दम निघत नाही.

अठरा कंप्युटरांना नाव होतं. एकोणिसाव्याला नव्हतं. तो वरच्या मजल्यावर मालकांच्या केबिनमध्ये. दहा वर्षांचे सराव पेपर त्यात, पोरांचे मार्क त्यात, फी त्यात. भाई म्हणायचे, ज्याचं वहीत पान न्हाई त्याला नाव कशाला.

मालकांनी त्याला भाईंचा हात लागू दिला नव्हता, त्याला कारण होतं. मालक फ्लेक्सचा मजकूर स्वतः टाइप करायचे. मराठी टाइप करायचा त्यांचा प्रोग्राम फार जुना. भाईंनी सुरुवातीला एकदा तो कंप्युटर अपडेट केला आणि ती मराठी अक्षरं सगळी फुटली. निकालाचा दिवस, बाहेर फ्लेक्सवाला उभा, आणि पडद्यावर कोंबडी नाचून गेल्यासारखं. भाई म्हणाले, पाव तास द्या, परत बसवतो. मालकांनी पाव तास दिला नाही, बाहेर काढलं. त्यात पुढं दोन सर आमचे पेपर घेऊन समोरच्या क्लासात गेले. तेव्हापासून केबिनमधल्या कंप्युटरला कुणी शिवायचं नाही, असा नियम झाला. त्याची दुसरी नक्कलही कुठं ठेवायची नाही, कारण नक्कल चोरीला जाते.

मग तो उन्हाळा आला. टीव्हीवर सांगू लागले की जगभरातले कंप्युटर आपोआप कुलूपबंद होऊन राहिलेत. पडद्यावर लाल पाटी येते, पैसे टाका नाहीतर तुमचं सगळं विसरा. भाई शनिवारी मालकांकडं गेले. मी चहा घेऊन तिथंच होते. भाईंनी समजावलं की ह्याला पेनड्राइव्ह लागत नाही, कुणी बटण दाबावं लागत नाही, हे वायरीनं चालत येतं. त्याची भेग बुजवायचं सामान दोन महिन्यांपूर्वीच आलंय. खालचे अठरा बुजवलेत. हा एकच उघडा आहे आणि सगळं ह्यातच आहे.

मालक मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाले, "भाई, आज शनिवार आहे. तुमचा बुधवार नाही."

भाईंनी केबिनमधली इंटरनेटची वायर काढली. मालकांनी ती स्वतः वाकून परत लावली. प्रवेशांचे दिवस होते, मजकूर फ्लेक्सवाल्याला मेल करायचा होता.

रविवारी मालक औशाला लग्नाला गेले. केबिनची किल्ली झाडायला माझ्याकडं असायची. भाई माझ्यासमोर येऊन उभे राहिले. त्यांनी किल्ली मागितली नाही, नुसते उभे राहिले. मी विचारलं, किती वेळ. म्हणाले, तास-दीड तास. पासवर्ड मालकांच्या टेबलाच्या काचेखाली चिठ्ठीवर होता. मी ती काच रोज पुसत होते.

मी दार उघडून दिलं. ह्यात मोठेपणा काही नव्हता. भाईंचं तोंड बघवत नव्हतं एवढंच. माणूस दोन दिवस जेवला नव्हता, आणि हा बुधवारही नव्हता.

पन्नास टक्के झाले आणि खाली मालकांची गाडी वाजली. लग्नात आशीर्वादाची भाषणं लांबली म्हणून ते जेवून लवकर निघाले होते. भाई आत, मी बाहेर. मी काय करणार. बादली उचलली आणि जिन्याच्या तोंडापासून केबिनच्या दारापर्यंत सगळी फरशी पाण्यानं भरून टाकली, वर फिनेल ओतलं.

मालक नवी चप्पल, डोक्याला फेटा. जिन्यात थांबले.

"मावशी, हे आत्ता कशाला?"

"सकाळी नळ नव्हता."

"मला आत जायचंय."

"पडाल. सांगून ठेवते."

ते कठड्याला धरून उभे राहिले. मी पुसत होते. एका टोकाकडून पुसत न्यायची आणि दुसऱ्या टोकाला बादली कलती करायची. दुसरी बादली आणली. तिसरी आणली. मालकांनी फेटा काढला, परत घातला. लग्नातल्या जेवणाबद्दल बोलले. मग कुणाकुणाची भाषणं झाली ते सांगितलं. मी हो-हो करत होते आणि मनात आकडे मोजत होते. सत्तर. पंच्याऐंशी. आता बंद होईल, आता परत शून्यापासून. केबिनला मागच्या जिन्याकडं उघडणारं एक दार होतं. त्या दाराची कडी वाजलेली ऐकली तेव्हा मी कंबर सरळ केली आणि म्हणाले, जा आता, वाळलं.

मालक आत गेले, बसले, फ्लेक्सचा मजकूर उघडला. अक्षरं फुटलेली.

तेवढ्यावरही त्यांना कदाचित कळलं नसतं. पण आदल्याच वर्षी आमच्या लातुरात पाणी रेल्वेनं आलं होतं. भांडी घासलेलं पाणी लोक झाडांना घालत होते. मालक बाहेर आले, तीन रिकाम्या बादल्यांकडं बघत राहिले आणि म्हणाले, "लातुरात तीन बादल्या पाण्यानं फरशी कोण पुसतं?"

मी काही बोलायच्या आत भाई मागच्या जिन्यानं फिरून पुढून वर आले होते. म्हणाले, मी आत गेलो होतो, मावशीला ठाऊक न्हाई.

मी गप्प बसले. नोकरी जाईल ह्या भीतीनं गप्प बसले, दुसरं कारण नाही.

मालक म्हणाले, पेपर किती नेले. भाईंना आधी प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा त्यांनी खिसे उलटे करून दाखवले. खिशात पेन्सिल होती, चष्म्याची डबी होती. मालक म्हणाले, खिशात कशाला ठेवाल, समोरच्या क्लासला पाठवलेही असतील. भाईंनी दोन्ही खिसे नीट आत सारले, लॅबची किल्ली कठड्यावर ठेवली आणि गेले. संध्याकाळपर्यंत सगळ्या क्लासात झालं की कंप्युटरवाल्या भाईंनी पेपर विकले. फिजिक्सच्या सरांनी पोरांना पेढे वाटले असं म्हणतात, मी बघितले नाहीत.

सोमवारी समोरच्या क्लासात गडबड. त्यांचे सगळे कंप्युटर लाल. पोरांचे मार्क गेले, पेपर गेले, त्यांची ऑफिसातली बाई जिन्यात बसून रडत होती. आमच्याकडं काही झालं नाही. पोरं बसली, सराव केला, घरी गेली.

मालक खूश. मंगळवारी केबिनमध्ये पालक बसले होते, त्यांना सांगत होते, शिस्त असली की असले प्रकार होत नाहीत. आमच्याकडं एक जण होता, व्हायरस येणार-येणार म्हणून घाबरवत होता. शेवटी पेपर चोरून गेला. आणि व्हायरस काही आला नाही.

मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. माझ्या हातून ट्रे टेबलावर जरा जोरात ठेवला गेला.

"आला न्हाई न्हवं," मी म्हणाले, "त्यानं येऊ दिला न्हाई. समोर लाल हाय आन् आपल्याकडं न्हाई, ते काय देवाच्या फोटोला हार घातला म्हणून? त्यानं एकबी पेपर नेला न्हाई. दार मी उघडून दिलं. तीन बादल्या मीच ओतल्या. मला काढायचं तर काढा, पण त्याला चोर म्हणू नका."

पालक चहाकडं बघत होते. मालकांनी मला बाहेर जा म्हटलं. मी माझी पिशवी भरून जिन्यात बसले, काढतातच म्हणून. तासाभरानं मालक खाली आले. सहीसाठी कागद नव्हता त्यांच्या हातात, गाडीची चावी होती. म्हणाले, अहमदपूरचं दुकान दाखवाल का.

दुकानात भाई डोळ्याला भिंग लावून एक मनगटी घड्याळ उघडून बसले होते. मालक स्टुलावर बसले. आधी उन्हाचं बोलले. मग म्हणाले, ती मराठी अक्षरं तेवढी बसवून द्या.

भाईंनी भिंग काढलं नाही. "पेपर किती गेले तुमचे?"

"एकही नाही."

"हे सगळ्यांसमोर बोलाल? पोरांसमोर, सरांसमोर?"

मालकांनी रुमालानं मान पुसली. माझ्याकडं बघितलं. मी त्यांना सोडवणार नव्हते. "बोलतो," म्हणाले.

भाईंनी ते घड्याळ पूर्ण जोडलं, चावी दिली, कानाला लावलं, गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी बांधली आणि मग उठले. गाडीत मागं माझ्याशेजारी बसले.

चाकूरच्या अलीकडं भाई म्हणाले, "पगार तोच ठेवा. फक्त वर्षाचे बारा बुधवार माझ्या मधी यायचं न्हाई. एकोणीसच्या एकोणीस."

मालकांनी पुढचा ट्रक मागं टाकला. मग म्हणाले, "अकरा करा. निकालाचा महिना सोडून."

"गाडी थांबवा."

मालकांनी थांबवली. त्यांना वाटलं लघवीला. भाई उतरले, दार हळू लावलं आणि अहमदपूरच्या बाजूला चालायला लागले. दुपारचे दोन वाजलेले, रस्त्याला एक झाड नाही. मालक म्हणाले, येतील, येतील. आम्ही पुढं निघालो. आरशात भाई लहान-लहान होत गेले. मालकांचं दोनदा आरशात बघून झालं, मी एकदाही मागं वळले नाही. भाई आपणहून परत येणार नाहीत, ते मला ठाऊक होतं.

पाव किलोमीटर गेलो असू. गाडी थांबली आणि घरघरत मागं जायला लागली. भाईंच्या जवळ येऊन मालकांनी काच खाली घेतली.

"बारा," म्हणाले.

मी पिशवी मांडीवर घेतली आणि सरकून बसले.